दौलताबाद–खुलताबाद–फुलंब्री: डोंगराचा फेरा ठरवण्याआधी

(आमच्या सायकल दुकानाच्या ग्राहकांसाठी)

रोज सकाळी पंधरा-वीस किलोमीटर सायकल मारणाऱ्याला पहिली मोठी चक्कर सुचते ती बहुधा डोंगराचीच. संभाजीनगरातून निघायचं, मिटमिटा, शरणापूर करत दौलताबाद, पुढे घाट चढून खुलताबाद, तिथून पूर्वेला वळून फुलंब्री आणि चौक्यावरून हर्सूलला गावात परत. गेल्या रस्त्यानं यायचं नाही, यातच गंमत आहे. अंतर साधारण 80 ते 85 किलोमीटर. म्हैसमाळ जोडलं तर शंभरी ओलांडते. आमच्याकडून सायकल भाड्यानं नेणार असाल किंवा स्वतःची सायकल घाटासाठी तयार करून घेणार असाल, तर बेत पक्का करण्याआधी हे वाचा.

किलोमीटर कमी बघा, चढ जास्त

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटरवर आहे, खुलताबाद सुमारे 850 वर आणि म्हैसमाळ 1067 वर. खुलताबादपर्यंतच्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये पावणेतीनशे मीटर वर जायचं आहे, आणि त्यातला मोठा वाटा किल्ल्याच्या पुढच्या घाटात एकदम अंगावर येतो. म्हैसमाळला जायचं तर खुलताबादहून आणखी बाराएक किलोमीटर आणि आणखी दोनशेवर मीटर. शिवाय मध्ये जितकं उतराल तितकं पुन्हा चढावं लागतं, त्यामुळे दिवसाचा एकूण चढ या दोन आकड्यांच्या फरकाहून जास्तच भरतो.

मोबाईलमधल्या ॲपवर चढाचा आकडा दिसतो, पण एकाच रस्त्याचे दोन ॲप दोन आकडे सांगतात. कोणताही आकडा अंदाज म्हणूनच घ्या. सरासरी चढावरही विसंबू नका. पाच किलोमीटरमध्ये अडीचशे मीटर चढ म्हणजे सरासरी 5 टक्के हे खरं, पण त्यात एक किलोमीटर सपाट असेल तर उरलेल्यात सहा टक्क्यांच्या वर जावं लागणार, आणि एखादं वळण त्याहूनही उभं असणार. दम निघतो तो त्या वळणावर.

वेळेचा आमचा हिशेब सोपा आहे. सपाटीवर तुमचा जो वेग असेल त्यानं अंतराला भागायचं, दर 500 मीटर चढाला एक तास वर धरायचा, आणि थांबे वेगळे मोजायचे. ताशी 18 च्या वेगानं 85 किलोमीटरला पावणेपाच तास, चढ 600 मीटर धरला तर त्याचे सव्वा तास, चहा-नाश्ता-फोटोचा एक तास, झाले सात. सकाळी सहाला निघालात तर दुपारी एकला घरी. मार्च ते जूनमध्ये हा हिशेब जुळवायचाच नाही. त्या दिवसांत खुलताबादला जाऊन दहाच्या आत घरी आलात तरी पुरे.

आधी दौलताबाद की आधी फुलंब्री?

आमचं स्पष्ट मत: आधी दौलताबाद. मोठा चढ ताज्या पायांनी आणि थंड हवेत होतो. किल्ल्यापुढे रस्ता जुन्या दिल्ली दरवाज्यातून जातो. दरवाजा अरुंद आहे, मोठी गाडी आली की दोन्हीकडे खोळंबा होतो. सकाळी सातच्या आत तिथून निघून जाणं बरं. उलटा फेरा घेतला तर हाच घाट तुम्ही दुपारी, पर्यटकांच्या बसगाड्यांमधून, थकलेल्या हातांनी ब्रेक दाबत उतरणार. तो धोका आम्हाला पटत नाही.

वाऱ्याचंही तसंच. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना तोंडावर. पण खुलताबादहून फुलंब्रीकडे वळलात की तोच पाठीशी येतो, आणि तोवर पायांना त्याची गरज पडलेली असते. हिवाळ्यात बरेचदा उलट होतं, वारा पूर्वेकडून लागतो. मात्र भल्या सकाळी तो मंद असतो, म्हणून तेव्हाही आम्ही दिशा बदलायला सांगत नाही.

खुलताबाद ते फुलंब्री हा टप्पा एकूण उताराचा. म्हैसमाळच्या डोंगरात उगम पावणारी गिरिजा नदीही पूर्वेकडेच वाहत जाते. इथे गर्दी कमी, शेतं दोन्हीकडे, आणि सावली जवळजवळ नाही. फुलंब्रीनंतर जळगाव रस्ता लागतो, अजिंठ्याकडची सगळी वाहतूक इथलीच. एकामागे एक चला, गप्पा मारत जोडीनं नको. चौक्याचा चढ दौलताबादसमोर काहीच नाही, पण तो साठ-पासष्ट किलोमीटर झाल्यावर येतो. पहिल्यांदा जाणारे बरेचजण दौलताबादच्या घाटात अंगातलं सगळं संपवतात आणि मग इथे उतरून सायकल ढकलतात. ढकलण्यात कमीपणा नाही, फक्त तो वेळ हिशेबात धरा.

वेरूळ जोडायचं का, असं पुष्कळजण विचारतात. वेरूळ खुलताबादच्या खाली आहे. घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन ते सगळं परत चढायचं. लेणी बघायला निदान अर्धा दिवस लागतो आणि मंगळवारी ती बंद असतात. आमचं ऐकाल तर वेरूळ वेगळ्या दिवशी करा.

"सिंगल गिअरवर होईल का, दादा?"

होईल, पण बऱ्याच ठिकाणी पायी. पुढे 44 दात्यांचं चाक आणि मागे 18 चं फ्रीव्हील असलेल्या साध्या सायकलवर घाटात ताशी 8 चा वेग असेल तेव्हा पॅडल मिनिटाला जेमतेम 26 वेळा फिरतं. एवढ्या संथ फेऱ्यांत सगळा भार गुडघ्यावर पडतो. पुढे 34 आणि मागेही 34 दाते असलेल्या गिअरच्या सायकलवर मिनिटाला 60 फेरे मारत तोच वेग निघतो. दम लागतो, पण गुडघे वाचतात. तुमच्या मागच्या कॅसेटची (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाची) सर्वात मोठी चकती 28 दात्यांची असेल तर 32 किंवा 34 ची कॅसेट बसवता येते. सगळ्याच डिरेलरना (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) एवढी मोठी कॅसेट झेपत नाही, आणि बहुतेक वेळा चेनही लांब घ्यावी लागते, म्हणून ऑनलाईन मागवण्याआधी सायकल एकदा दाखवून न्या.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी करा, मग सोडा. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर लांब उतारावर रिम चांगलीच तापते. म्हैसमाळहून खाली येताना हे विशेष लक्षात ठेवा. पावसाळ्यात तिथे धुकं असतं आणि ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. पुढे-मागे दिवा दिवसासुद्धा चालू हवा.

पाणी, खाणं, तारीख

तासाला निदान अर्धा लिटर पाणी धरा, उन्हात पाऊण. दोन बाटल्या लावायची सोय आमच्या भाड्याच्या सर्व सायकलींवर आहे. दौलताबाद आणि खुलताबादला सगळं मिळतं, मोसमात रस्त्याकडेला सीताफळं आणि पेरूही. बाटल्या खुलताबादलाच काठोकाठ भरून घ्या, कारण फुलंब्रीपर्यंत भरवशाची दुकानं मोजकी. भूक लागायची वाट न पाहता दर तासाला एखादं केळं किंवा मूठभर गूळ-शेंगदाणे खात राहा. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू, दुसरीत साधं पाणी.

श्रावणातल्या शुक्रवारी रात्री आणि शनिवारी, तसंच हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांनी हा रस्ता भरलेला असतो. त्या दिवशी सायकल नको. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवारी वेरूळची गर्दी खुलताबादपर्यंत जाणवते. पावसाळ्यातले रविवार म्हैसमाळला जाणाऱ्या मोटारींचे.

खुलताबादला पोचल्यावर घड्याळ बघा. ठरल्यापेक्षा तासभर उशीर झाला असेल तर म्हैसमाळ सोडा. दोन तास झाला असेल तर फुलंब्रीही सोडा आणि आल्या वाटेनं सावकाश उतरा. पुढे गेल्यावर अर्ध्यातून परतणं अवघड आहे. अगदीच अडलात तर सायकलसह गावात आणायला छोटा हत्ती खुलताबाद किंवा फुलंब्रीतच शोधणं सोपं, मधल्या रस्त्यावर नाही.

स्वतःची सायकल असेल तर निघायच्या दोन दिवस आधी आणून द्या, आदल्या संध्याकाळी नको. नवे ब्रेक-शू थोडे घासून बसावे लागतात, आणि नवी केबल पहिल्या दिवशी ताणली जाऊन गिअर सरकतात. त्या दोन दिवसांत गावात एक-दोन चकरा मारा आणि काही खटकलं तर परत या. ती दुरुस्ती सर्व्हिसिंगमध्येच धरलेली आहे. भाड्याच्या सायकलीसोबत ट्यूब, पंप आणि टायर काढायची लिव्हर देतो. ट्यूब बदलता येत नसेल तर नेताना सांगा, काउंटरवरच शिकवू.