पश्च भिंगावरणाची अपारदर्शकता

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाचा गढूळ झालेला गर काढतात, पण तो ज्या पातळ पारदर्शक पिशवीत असतो ती (भिंगावरण) मुद्दाम राखून ठेवतात. कृत्रिम भिंग बसवायचे ते याच पिशवीत. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कधी कधी पिशवीची मागची भिंत धुरकट होते आणि नजर पुन्हा मंदावते. या स्थितीला पश्च भिंगावरणाची अपारदर्शकता म्हणतात. रुग्ण तिला ‘जाळी आली’, ‘पडदा आला’ किंवा ‘मोतीबिंदू परत आला’ असे म्हणतात. या शेवटच्या समजुतीने माणूस विनाकारण घाबरतो. हा नवा मोतीबिंदू नव्हे, आणि पहिली शस्त्रक्रिया चुकली असाही याचा अर्थ होत नाही.

मूळ कारण जिवंत पेशींत आहे. पिशवीच्या पुढच्या भिंतीच्या आतून आणि कडेने उपकला पेशींचा (पृष्ठभाग झाकणाऱ्या पेशींचा) एकेरी थर असतो; मागच्या भिंतीवर तो नसतो. कडेच्या पेशी आयुष्यभर भिंगाचे नवे तंतू घडवत असतात. शस्त्रक्रियेत पिशवी कितीही काळजीपूर्वक साफ केली तरी त्यांतल्या काही उरतातच. जखम भरून काढण्याची शरीराची प्रक्रिया सुरू झाली की त्या वाढू लागतात आणि सरकत मागच्या भिंतीवर पोहोचतात. मध्यभागी ही भिंत साधारण ४ मायक्रोमीटर जाडीची, म्हणजे केसाहून कितीतरी पातळ असते. तिथे काही पेशी फुगून मण्यांसारखे पुंजके बनवतात. त्यांना ‘एल्श्निगचे मोती’ म्हणतात. काही पेशींचे रूपच पालटते: त्या आकुंचन पावणाऱ्या तंतुमय पेशी होतात, कोलॅजन हे चिवट तंतूंचे प्रथिन तयार करतात आणि भिंतीला चुण्या पाडतात. कडेला अडकलेल्या पेशींचे ‘सोमरिंगचे कडे’ होते, पण ते बुबुळाच्या रंगीत पडद्याआड राहत असल्याने सहसा त्रास देत नाही.

तक्रारी मूळ मोतीबिंदूसारख्याच असतात: अंधूक दिसणे, समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपणे, प्रकाशाभोवती वलये दिसणे, फिकट अक्षरे न लागणे. कधी कधी तक्त्यावरची अक्षरे नीट वाचता येतात, तरीही रुग्णाला रात्री वाहन चालवणे कठीण जाते. अशा तक्रारीला तक्त्यावरच्या वाचनाच्या आकड्याइतकेच महत्त्व द्यायला हवे. निदानासाठी बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पखाली (प्रकाशाची बारीक फट टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) तपासतात. दृष्टिपटलावरून, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावरून, परतणाऱ्या प्रकाशात मोती आणि चुण्या स्पष्ट दिसतात. दृष्टिपटलाची तपासणीही तेव्हाच करावी, कारण नजर कमी होण्याचे खरे कारण तिथेही असू शकते.

पूर्वी ही भिंत सूक्ष्म सुरीने छेदत असत. १९८०च्या सुमारास पॅरिसमध्ये डॅनिएल आरों-रोझा आणि बर्नमध्ये फ्रान्झ फांकहाउझर या नेत्रतज्ज्ञांनी निओडिमियम-याग लेझर वापरात आणला आणि डोळा न उघडता उपचार शक्य झाला. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिसूक्ष्म काळाचे स्पंद भिंतीवर केंद्रित करतात; त्या बिंदूपाशी सूक्ष्म स्फोट होऊन भिंत फाटते. बाहुलीच्या मध्यासमोर साधारण ३ ते ४ मिलिमीटरचे छिद्र पुरते. बधिर करणारे थेंब घातले की काही मिनिटांत काम होते, दुखत नाही आणि नजर बहुधा लवकरच सुधारते.

मात्र उपचार सोपा आहे म्हणून तो घाईने करू नये. पहिल्या काही तासांत डोळ्यातला दाब वाढू शकतो, क्वचित दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येते, आणि दृष्टिपटल सुटण्याचा थोडा धोकाही असतो. चष्म्याचा मोठा ऋण (मायनस) नंबर असलेल्या डोळ्यांत तो अधिक असतो. लेझरनंतर प्रकाशाचे झोत चमकू लागले, काळे ठिपके अचानक खूप वाढले किंवा एका बाजूने सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला गाठावे. शिवाय पाडलेले छिद्र बुजवता येत नाही आणि त्यानंतर कृत्रिम भिंग बदलणे अवघड होते. बहुकेंद्री (जवळचे आणि दूरचे दोन्ही दाखवणारे) भिंग बसवलेला रुग्ण पहिल्या दिवसापासून असमाधानी असेल, तर दोष भिंगाचा की आवरणाचा हे आधी ठरवावे आणि मगच लेझर वापरावा.

प्रतिबंधात सर्वात मोठा फरक कृत्रिम भिंगाच्या कडेने पडला. मागची कड चौकोनी, धारदार असेल तर पिशवीची भिंत तिथे ठळकपणे वाकते आणि सरकत्या पेशींना अडथळा होतो. पुढच्या भिंतीतले गोल छिद्र भिंगाहून थोडे लहान ठेवून त्याची कड भिंगावर सर्व बाजूंनी टेकवल्यास हा अडथळा पक्का होतो. तरीही तो कायमचा नसतो. काही डोळ्यांत पेशी काही वर्षांनी त्यातूनही वाट काढतात.

लहान मुलांत पेशी इतक्या जोमाने वाढतात की मागची भिंत शाबूत ठेवल्यास ती धुरकट होणार हे जवळजवळ ठरलेलेच असते. त्यांना लेझरच्या यंत्रासमोर स्थिर बसवणेही कठीण, आणि वाढत्या वयात नजर अडली तर डोळा कायमचा आळशी होऊ शकतो. म्हणून अगदी लहान वयात मूळ शस्त्रक्रियेतच मागच्या भिंतीला छिद्र करून त्यामागील काचाभ द्रवाचा (डोळ्याच्या पोकळीतल्या जेलीसारख्या पदार्थाचा) पुढचा थोडा भाग काढून टाकतात.