क्लिक व्यंजने (आफ्रिकेच्या दक्षिण भागातील भाषांमधील)

क्लिक व्यंजने : फुप्फुसातून येणाऱ्या हवेऐवजी तोंडातच कोंडलेली हवा विरळ करून उच्चारली जाणारी व्यंजने. हळहळ व्यक्त करताना मराठी माणूस चुकचुकतो, तेव्हा निघणारा आवाज म्हणजे दंत्य क्लिकच होय. पण मराठीत त्यापासून शब्द घडत नाही. झुलू भाषेत मात्र ‘मागणे’ या अर्थाच्या धातूचा पहिला वर्ण दंत्य क्लिक आहे, ‘सुरू करणे’ याचा वर्त्स्य (वरच्या दातांमागच्या हिरडीजवळचा), तर ‘गप्पा मारणे’ याचा पार्श्विक (जिभेच्या कडेने सुटणारा). तेथे क्लिक हे क, ट, प यांच्याच पंक्तीतले व्यंजन आहे. युरोपीय प्रवाशांनी या भाषांची ‘कुचकुच’, ‘फडफड’ अशी केलेली वर्णने अज्ञानातून आलेली असून ती त्याज्य समजावीत.

उच्चारात दोन ठिकाणी अडथळा होतो. जिभेचा मागचा भाग मृदुतालूला (टाळूच्या मागच्या मऊ भागाला) किंवा त्याहूनही मागे टेकतो. त्याच वेळी पुढे ओठ मिटतात किंवा जिभेचे टोक वा पाते दातांना अथवा टाळूला चिकटते. जिभेचा मधला भाग खाली ओढला की बंदिस्त पोकळी वाढते आणि तिच्यातील दाब उतरतो. पुढचा अडथळा सुटताच बाहेरची हवा झटक्याने आत शिरते, त्यानंतर मागचा अडथळा सुटतो. हे सारे तोंडात घडत असल्याने श्वासाचा मार्ग मोकळा राहतो. नाकातून घोष (स्वरतंतूंचे कंपन) चालू ठेवून क्लिक काढता येतो, म्हणूनच या भाषांत अनुनासिक क्लिक विपुल आहेत.

पुढच्या अडथळ्याच्या स्थानावरून ओष्ठ्य, दंत्य, वर्त्स्य, तालव्य व पार्श्विक असे पाच प्रकार मानतात. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत त्यांची चिन्हे अनुक्रमे मध्ये ठिपका असलेले वर्तुळ, एक उभी रेघ, उद्गारचिन्ह, दोन आडव्या रेघांनी छेदलेली उभी रेघ आणि दोन उभ्या रेघा अशी आहेत. रेघांच्या चिन्हांची परंपरा एकोणिसाव्या शतकातील लेप्सिउस यांच्या लिपीपर्यंत जाते. ध्वनिलिपीत ती १९८९ मध्ये स्वीकारली गेली. खोसा, झुलू व नारो यांच्या लेखनात रोमन सी, क्यू, एक्स ही अक्षरे योजतात. देवनागरीत यासाठी रूढ चिन्ह नाही; या नोंदीतील भाषानामांत क्लिक गाळले आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

एखाद्या भाषेत क्लिक किती, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. प्रत्येक स्थानाला घोष, महाप्राण, अनुनासिक अशा निरनिराळ्या जोडण्या लागतात. नामिबियातील खोएखोए भाषेत चार स्थाने आणि पाच जोडण्या मिळून २० क्लिक होतात. जुहोआनमध्ये साधारणपणे ४८ सांगितले जातात. बोट्स्वानातील ताआ भाषेत भाषाशास्त्रज्ञ अँथनी ट्रेल यांच्या मांडणीप्रमाणे ही संख्या ८० च्या वर जाते. वाद येथेच आहे. क्लिकला लागून घर्षक (हवा घासून निघणारा) किंवा कंठद्वारीय (स्वरतंतूंच्या फटीत घडणारा) वर्ण येतो, तेव्हा ते एकच संमिश्र व्यंजन मानायचे की जोडाक्षर? जोडाक्षर मानल्यास मूळ क्लिकांची संख्या बरीच घटते. असे दुय्यम घटक त्याच भाषेत क्लिकेतर स्पर्शांनाही (क, ट, प यांसारख्या व्यंजनांनाही) जोडून येतात, हा जोडाक्षरपक्षाचा बळकट आधार होय. अमांडा मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील नुऊ भाषकांच्या जिभेचे अल्ट्रासाऊंड चित्रण करून (२००९) मागच्या अडथळ्याचे मृदुतालव्य व अलिजिव्हीय (पडजिभेजवळचे) असे परंपरेने मानलेले विभाजन टिकत नसल्याचे दाखवले. त्या एकव्यंजन मताकडे झुकतात. मांडणीची काटकसर पाहता जोडाक्षराची बाजू अधिक सोयीची दिसते, पण निर्णय झालेला नाही.

खोएखोए, जुहोआन, ताआ, नुऊ अशा भाषा बोलणाऱ्या लोकांना ‘खोइसान’ हे सामूहिक नाव लेओनहार्ट शुल्ट्झे यांनी १९२८ मध्ये दिले; पुढे ते भाषांनाही लागले. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ च्या वर्गीकरणात या भाषांचे एकच कुल मानले. आज बहुतेक अभ्यासक खोए, तू व क्खा ही तीन स्वतंत्र कुले धरतात. टांझानियातील हाड्झाला स्वतंत्र ठेवतात, तर सांडावेचा खोए कुलाशी संबंध असावा असे काहींचे मत आहे. ओष्ठ्य क्लिक तू कुलात व क्खा कुलातील एका भाषेतच आढळतो. खोइसान म्हटल्या जाणाऱ्या भाषांत क्लिक जवळजवळ नेहमी धातूच्या आरंभी येतो. झुलू-खोसात तो मध्येही येतो.

बांटू या मोठ्या आफ्रिकी भाषासमूहाचे भाषक बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत या प्रदेशात येऊ लागले. त्यांच्या झुलू, खोसा, स्वाती, सोथो (एकच क्लिकस्थान) आणि ओकावांगो परिसरातील येयी या भाषांत क्लिक संपर्कातून आले, याविषयी दुमत नाही. ‘खोसा’ या नावाचा आरंभही पार्श्विक क्लिकने होतो. हे क्लिक रुजले कसे, यावर मात्र मतभेद आहेत. विवाहित स्त्रीने सासरे व सासरच्या ज्येष्ठांच्या नावांतील अक्षरे उच्चारू नयेत, या ‘ह्लोनिफा’ रिवाजामुळे पर्यायी शब्द लागले आणि खोइसान मूळच्या स्त्रियांकडून क्लिकयुक्त शब्द घरात आले, हे स्पष्टीकरण प्रसिद्ध आहे. ते अंशतः ग्राह्य वाटते. पण आंतरविवाह आणि द्वैभाषिकता यांना अधिक वजन द्यायला हवे.

क्लिक हे मानवाच्या आद्य भाषेचे अवशेष असावेत, ही कल्पना २००३ मधील एका जनुकीय अभ्यासानंतर पुन्हा चर्चेत आली. तिला भाषिक पुरावा नाही. ध्वनी उसने घेतले जातात आणि लोपही पावतात : पूर्व कलहारीतील खोए भाषांत वर्त्स्य व तालव्य क्लिकांच्या जागी साधे स्पर्श आले आहेत.

दक्षिण आफ्रिकेच्या केपमधील खाम भाषा आता बोलली जात नाही. ब्लीक व लॉइड या अभ्यासकांनी १८७० नंतर केपटाउनच्या तुरुंगातून आलेल्या खाम भाषकांकडून ती हजारो पानांत टिपून घेतली. दक्षिण आफ्रिकेच्या २००० मधील राजचिन्हावरील बोधवाक्य याच भाषेत आहे. नुऊ भाषा कात्रिना एसाऊ यांनी अपिंग्टन येथे मुलांना शिकवली. खोएखोए नामिबियातील शाळांत शिकवली जाते.