वर्ड अडकतंय? आधी ॲड-इन तपासा

वर्ड उघडायला अर्धं मिनिट लागतं, सेव्ह करताना स्क्रीन पांढरी पडते, शीर्षपट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' उमटतं. अशा वेळी बहुतेक जण ऑफिस काढून पुन्हा टाकतात. अनेकदा तास-दीड तास जातो आणि दुखणं तसंच राहतं, कारण ॲड-इनची (वर्डला जोडलेल्या छोट्या पूरक प्रोग्रामची) नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) आणि टेम्प्लेट (फायलीचा साचा) युजरच्या फोल्डरमध्ये असते. ऑफिस काढल्यानं ती जात नाहीत.

पीडीएफ बनवणारं, संदर्भसूची लावणारं किंवा व्याकरण तपासणारं जुन्या धाटणीचं ॲड-इन 'कॉम' प्रकारचं असतं. ते वर्डच्याच प्रोसेसमध्ये, त्याच मेमरीत चालतं. त्यानं चुकीच्या जागी लिहिलं की वर्ड कोसळतो; ते सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत बसलं की वर्डही ताटकळतो. म्हणून दोष त्याचा असला तरी दिसतो वर्डचा. स्टोअरमधून घेतलेली नवी वेब ॲड-इन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे त्यांच्यापायी अख्खा वर्ड बसण्याची शक्यता बरीच कमी.

पहिली चाचणी सेफ मोडची. कंट्रोल की दाबून धरा, वर्डच्या आयकॉनवर क्लिक करा आणि प्रश्न येईपर्यंत बोट उचलू नका. मग 'येस' म्हणा. सेफ मोडमध्ये ॲड-इन लोड होत नाहीत. तिथेही वर्ड अडकला तर ॲड-इनचा नाद सोडा आणि फाइल किंवा डीफॉल्ट प्रिंटरचा ड्रायव्हर तपासा. पानाची मांडणी करताना वर्ड प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारतो, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. सेफ मोडमध्ये सगळं सुरळीत चाललं, तर संशय ॲड-इनवर किंवा 'नॉर्मल' टेम्प्लेटवर, म्हणजे नवी कोरी फाइल ज्या साच्यावरून बनते त्यावर.

आता वर्ड नेहमीसारखा उघडा. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स इथे जा, खाली 'मॅनेज'मध्ये 'कॉम ॲड-इन्स' निवडून 'गो' दाबा. एकेक टिक काढत बसू नका, निम्म्या काढा. वर्ड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. त्रास थांबला तर गुन्हेगार बंद केलेल्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यांत. 16 ॲड-इन असली तरी 4 फेऱ्यांत नाव हाती लागतं. कोणताही निम्मा गट एकटा चालू ठेवला तर त्रास नाही, पण सगळी मिळून चालू केली की होतो, असं दिसलं तर दोन ॲड-इन एकमेकांशी भांडत आहेत असं समजा. टिक काढताना परवानगीचा संदेश आला, तर ते ॲड-इन सगळ्या युजरांसाठी बसवलेलं आहे. वर्ड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडावा लागेल.

इथे एक फसगत ठरलेली. वर्डच्या स्टार्टअप फोल्डरमधली टेम्प्लेट 'टेम्प्लेट्स अँड ॲड-इन्स'च्या खिडकीत टिक काढून बंद केली, तरी वर्ड पुढच्या वेळी उघडताना ती पुन्हा लोड करतो. ऑप्शन्समध्ये 'ॲडव्हान्स्ड'च्या तळाशी 'फाइल लोकेशन्स' आहे. तिथे स्टार्टअपची जागा बघा, वर्ड बंद करा आणि त्या फायली दुसरीकडे हलवा. मग 'नॉर्मल'ची पाळी. वर्ड बंद असताना तिचं नाव बदला. वर्ड कोरी नवी बनवतो. जुनी मात्र पुसू नका, तुमच्या स्टाइल्स आणि मॅक्रो तिच्यातच असतात.

उलटंही घडतं: हवं असलेलं ॲड-इन रिबनवरून गायब. ते कोसळलं असेल तर वर्डनं त्याला 'डिसेबल्ड आयटम्स'मध्ये टाकलेलं असतं. 'मॅनेज'मधून तिथे जाऊन 'इनेबल' करा. तरीही दिसेना तर ॲड-इन आणि ऑफिस किती बिटचं आहे ते तपासा, 32 बिटचं कॉम ॲड-इन 64 बिटच्या ऑफिसमध्ये लोडच होत नाही.

वर्ड अचानक बंद पडत असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'ॲप्लिकेशन' लॉग उघडा आणि इव्हेंट आयडी 1000 शोधा. 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम'समोर एखाद्या ॲड-इनची डीएलएल (त्याच्या कोडची फाइल) दिसली, तर निम्मे-निम्मे करण्याआधी तेवढं एकच बंद करून बघा.

लिब्रेऑफिसमध्ये 'हेल्प' मेनूत 'रीस्टार्ट इन सेफ मोड' आहे; तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे तिथली ॲड-इन, तात्पुरती बंद करून हीच चाचणी घेता येते.