ढवळ्या, पवळ्या आणि हर्णैचे तांडेल

संध्याकाळी हर्णैच्या पुळणीवर लिलाव रंगात येतो. समोर सुवर्णदुर्ग, पायाशी सुरमई-पापलेटचे ढीग. बोट बंदरात यायच्या आधीच कोणाला किती म्हावरं लागलंय ही बातमी फोनवरून पोचलेली असते. कोण कोणाला पहिला फोन करतो, हे कागदावर मांडलं तर ठिपक्यांचं आणि रेघांचं एक जाळंच उमटेल.

माणसांच्या संबंधांना जाळं म्हणून अभ्यासायची कल्पना मासेमारीच्या गावातूनच रुजली, हे मला फार आवडतं. जॉन बार्न्स या मानववंशशास्त्रज्ञाने नॉर्वेतल्या एका बेटावरच्या ब्रेमनेस या परिसरात राहून तिथल्या लोकांच्या ओळखीपाळखी तपासल्या आणि 1954 साली ‘सोशल नेटवर्क’ ही संज्ञा शास्त्रीय अर्थाने वापरली.

जाळं काढणं सोपं आहे, त्यावरून काही सिद्ध करणं कठीण. नेहमीच्या पाहणीत प्रत्येकाचं उत्तर स्वतंत्र धरतात. इथे तसं धरून चालत नाही. 40 तांडेल, म्हणजे होड्यांचे प्रमुख, घेतले तर 780 जोड्या होतात, पण एकेक तांडेल त्यातल्या 39 जोड्यांत असतो. एका वाड्यातल्या दहा जणांचं एकमत म्हणजे दहा वेगळे पुरावे नव्हेत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. या 40 पैकी 20 जणांकडे मासे शोधायचं यंत्र, फिशफाइंडर आहे. फोनच्या रेघा 120. त्यातल्या 78 रेघांच्या दोन्ही टोकांना सारखी स्थिती दिसते: दोघांकडे यंत्र आहे, नाहीतर दोघांकडेही नाही. 78 हा आकडा मोठा की योगायोगाचा?

यावरची युक्ती देखणी आहे. जाळ्याला हात लावायचा नाही. ‘आहे’च्या 20 आणि ‘नाही’च्या 20 चिठ्ठ्या पिसून तांडेलांना पुन्हा वाटायच्या आणि सारख्या टोकांच्या रेघा मोजायच्या. संगणक हे 10,000 वेळा करतो. नुसत्या नशिबाने सरासरी 58 च्या आसपास येते. 10,000 फेऱ्यांत 78 पर्यंत क्वचितच मजल गेली, तर योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. हीच परम्युटेशन टेस्ट.

खरी मेख पुढे आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण सहज म्हणतो. पण गुण खरंच लागला, की सारखे होते म्हणूनच ते शेजारी आले? की दोघांना एकाच सोसायटीने कर्ज दिलं? कोझ्मा शालिझी आणि अँड्र्यू थॉमस या संख्याशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवून दिलं की मैत्रीमागची कारणं नोंदलेली नसतील, तर नुसत्या निरीक्षणातून संसर्ग (गुण लागणं) आणि साधर्म्य (आधीच सारखे असणं) वेगळे काढता येत नाहीत. माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची ताकीद आहे. लाइफ जॅकेट वापरायची सवय लावायची आहे असं समजा. गुण लागत असेल तर चार मानाच्या तांडेलांना पटवलं की पुष्कळ झालं. लागत नसेल तर प्रत्येकाच्या दारी जावं लागेल.

हा गुंता सोडवायचा तर काय आधी, काय नंतर हे नोंदावं लागतं. संख्याशास्त्रज्ञ टॉम स्नायडर्स यांची प्रतिमानं (मॉडेल्स) हेच करतात: मैत्री आणि सवय, दोन्ही कशा बदलत गेल्या ते एकत्र बघतात. हर्णैत त्यासाठी हंगामही सोयीचा आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, तांडेल घरी. दरवर्षी त्याच चाळीस जणांना विचारायचं: यंदा पहिला फोन कोणाला करत होतात, आणि यंत्र कधी घेतलंत? पहिल्या वर्षीची वही मुकी असेल. तिसऱ्या-चौथ्या नारळी पौर्णिमेपर्यंत, आधी फोन सुरू झाला की आधी यंत्र आलं, हे एकेका रेघेवर वाचता येऊ लागेल.