गीझरमधला थर्मोस्टॅट आणि कटआउट: दोघंही वीज तोडतात, पण कामं वेगळी

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आमच्या गोव्यातल्या साखळीच्या घरातले सगळे नरकासुराचे पुतळे बघायला बाहेर पडले. निघताना कोणीतरी गीझर लावला, 'आल्यावर पाणी तयार असू दे' म्हणून, आणि तो चालूच राहिला. पहाटे नरकासुर जाळून परतलो, अंगाला तेल लागलं, तुळशीपाशी कारीट ठेवून झालं. न्हाणीतला नळ उघडला तर पाण्याआधी फुसफुसत वाफ आली. मग हात पोळेल असं बादलीभर पाणी. त्यानंतर गीझर जो थंड पडला तो पडलाच, दिवासुद्धा लागेना.

मामी म्हणाली, "थर्मोस्टॅट गेला." मोठा भाऊ म्हणाला, "नाही गो, कटआउट उडाला." तेल लावलेल्या अंगानं दोघांची जुंपली. पुढं कळलं की दोघांचंही बरोबर होतं.

हा गोंधळ घरोघरी आहे, आणि त्याला कारणही आहे. दोन्ही भाग गीझरच्या त्याच झाकणाखाली बसतात, दोन्ही उष्णतेवर चालतात आणि दोन्ही करतात एकच गोष्ट: हीटिंग एलिमेंटची वीज तोडतात. काही मॉडेलांत तर दोघं एकाच डबीत असतात, बाजूला फक्त एक बारीक लाल बटण. मग दुकानात गेल्यावर माणूस 'ते गरम झालं की बंद करणारं द्या' म्हणतो आणि दुकानदार हाताला येईल ते देतो.

थर्मोस्टॅट हा रोजचा कामगार. तुम्ही ५० अंशांवर लावलात तर पाणी ५० झालं की तो वीज तोडतो, दिवा विझतो. पाणी पाच-दहा अंश निवलं की स्वतःच परत जोडतो. दिवसातून कितीदा तरी हे चालतं. साठवणीच्या गीझरमध्ये बहुधा लांब दांड्याचा थर्मोस्टॅट असतो, पाण्यात शिरलेल्या नळीत बसवलेला. त्याची करामत बघण्यासारखी आहे. बाहेर पितळेची नळी, आत इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची काडी. पितळ तापलं की वाढतं, इन्व्हार जवळजवळ वाढतच नाही. नळी लांबते, काडी तेवढीच राहते, आणि दोघांतल्या त्या केसभर फरकानं वरचा स्विच सरकतो. लोखंडात सुमारे ३६ टक्के निकेल घातलं की धातू तापूनही जागचा हलत नाही, हे शार्ल एदुआर गिओम यांनी १८९६ मध्ये दाखवलं आणि १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. न्हाणीघराच्या भिंतीवर नोबेल टांगलेलं असतं ते असं.

कटआउट हा राखणदार. आपल्या गावचा राखणदार जसा रोज उठून दर्शन देत नाही, तसाच हाही. थर्मोस्टॅट नीट चालत असेल तर कटआउट वर्षानुवर्षं काहीच करत नाही. पाणी कधीच पोचायला नको अशा तापमानाला, साधारण नव्वदीच्या आसपास, पोचलं तरच तो उडतो. दिसायला नाण्याएवढी चकती, मधोमध बटण. आत दोन धातूंची चिकटवलेली पातळ वाटी असते. ठरलेल्या तापमानाला ती 'टक्' करून उलटी होते आणि संपर्क तुटतो. साठवणीच्या गीझरमधला कटआउट बहुधा आपणहून परत जोडला जात नाही. झाकण काढून बटण दाबावं लागतं. ही त्याची खोड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे: माणसानं उठून यावं आणि काय बिघडलंय ते बघावं.

आमच्याकडे झालं होतं ते हेच. थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटले होते. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह रोज तोडताना-जोडताना ठिणगी उडते, बिंदू भाजतात, आणि एक दिवस झाळ मारल्यासारखे जुळून बसतात. मग पाणी कितीही तापो, वीज तुटत नाही. एरवी आम्हाला कळलं नसतं, कारण वीस मिनिटांनी बटण बंद करायची घरातली सवय. त्या रात्री मात्र गीझर तासन् तास चालू राहिला, पाणी उकळायच्या बेताला आलं आणि शेवटी कटआउट उडाला. म्हणजे थर्मोस्टॅट गेला होता हे खरं, आणि कटआउट उडाला होता हेही खरं. पहिलं बिघाड होतं, दुसरं त्या बिघाडावरचा इलाज.

खरी गंमत पुढं आहे. तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, दहा मिनिटांत काम उरकलं, पाणी गरम. "आता परत उडणार नाही," म्हणाला. कसा उडेल? महिन्याभरानं दुसऱ्या एकानं झाकण काढलं तेव्हा दिसलं: कटआउटच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना पीळ मारून वर टेप गुंडाळला होता. थर्मोस्टॅट तोच, चिकटलेला. कामगार निकामी, राखणदाराला घरी पाठवलेलं, आणि आम्ही महिनाभर त्याखाली आंघोळ करत होतो. याला धंद्यात 'डायरेक्ट करणं' म्हणतात. हा शब्द कानावर आला की पैसे द्यायच्या आधी झाकण उघडून दाखवायला सांगा.

आमच्या आजीच्या न्हाणीत तांब्याचं भाण होतं, खाली चुडतं आणि करवंट्या. त्याला ना थर्मोस्टॅट ना कटआउट. हात बुडवून बघायचं, बस्स. पण भाणाचं तोंड उघडं असतं. पाणी शंभरापर्यंत गेलं की उकळतं, वाफ छपराकडे जाते, विषय संपला. गीझर हे बंद भांडं आहे. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही चढतो, म्हणजे बंद टाकीत पाणी शंभराच्या वर जाऊनही पाणीच राहू शकतं. अशी टाकी फुटली तर त्यातल्या बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशेपट जागा मागते. म्हणून गीझरला थर्मोस्टॅटवर कटआउट, आणि त्याच्याही वर दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो थेंब थेंब गळतो म्हणून कोणी त्याला बूच मारत असेल तर त्याचा हात धरा.

आता पैशांचं. वीज वाचवायची ती थर्मोस्टॅटनं, कटआउटचा बिलाशी संबंध नाही. पण थर्मोस्टॅटनं वीज वाचते कशी, याबद्दलही गैरसमज आहे. वीस लिटरची बादली, पाणी २५ वरून ४० अंशांवर आणायचं तर साधारण ०.३५ युनिट लागतं. गीझर ५० वर असेल तर बारा लिटर गरम आणि आठ लिटर थंड घ्याल. ७५ वर असेल तर सहा लिटर गरम, चौदा थंड. बादलीतली उष्णता दोन्हीकडे तीच, वीजही तीच. फरक पडतो तो गीझर चालू ठेवून दिल्यावर. टाकीच्या भिंतींतून निसटणारी उष्णता आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. न्हाणी २५ अंश असेल तर ७५ चा गीझर ५० च्या गीझरच्या जवळपास दुप्पट उष्णता गमावतो. तेव्हा 'सतत चालू ठेवलेला बरा, परत परत तापवायला जास्त लागते' हे शेजारच्या काकांचं गणित चुकीचं आहे. गरज असेल तेव्हा लावा, झालं की बंद करा. गीझरच्या लेबलावरचे तारे (स्टार) याच निसटत्या उष्णतेचे असतात. आंघोळीला लागणारी वीज कुठलाच तारा कमी करत नाही.

आणखी एक, आपल्याकडचं. त्रिपुरारीला विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत नावा सोडल्या की पहाटे गारवा जाणवू लागतो. त्या दिवसांत विहिरीचं ताजं पाणी हाताला कोमट लागतं, कारण जमिनीच्या पोटातलं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. तेच पाणी रात्री पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढवून ठेवलं की पहाटेपर्यंत निवतं. पंप सकाळी लावला तर चार-पाच अंश फुकट मिळतात. खोली तापवायचा हीटर गोव्यात घ्यावा, असं मला तरी वाटत नाही. डिसेंबरातल्या चार पहाटांना गोधडी पुरते. पण तेल भरलेला हीटर कोणी आणलाच, तर त्यातही हीच जोडी असते.

घरच्या घरी थर्मोस्टॅट तपासायला घड्याळ पुरतं. २००० वॅटच्या १५ लिटर गीझरला २५ वरून ६० ला पोचायला साधारण अठरा मिनिटं लागतात, २५ लिटरला अर्धा तास. गोल बटण ६० च्या आसपास ठेवून लावा आणि दिव्याकडे लक्ष द्या. दिवा त्या सुमारास विझला पाहिजे, आणि थोडं पाणी काढल्यावर परत लागला पाहिजे. पाऊण तास झाला तरी विझत नसेल तर बटण बंद करा आणि माणूस बोलवा. उलट, पाणी नुसतं कोमट आणि दिवा लगेच विझतो, तर आधी गोल बटण कोणी खाली फिरवलंय का ते बघा. लहान मुलांच्या घरात नेहमीचं.

थर्मोस्टॅट चांगला असूनही कटआउट उडतो तेव्हा बहुधा दोन कारणं असतात. एक, दांड्यावर आणि एलिमेंटवर क्षाराचा थर बसतो. पाणी तापलंय हे थर्मोस्टॅटला उशिरा कळतं आणि तापमान हद्द ओलांडतं. दुसरं म्हणजे सैल वायर. पावसाळाभर ओल, त्यात किनारपट्टीची खारट हवा, पितळी टर्मिनलवर हिरवा गंज धरतो, संपर्क सैल होतो, जोड तापतो आणि ती धग शेजारच्या चकतीला लागते. म्हणून पावसाळा संपला की वर्षातून एकदा झाकण उघडून टर्मिनल घासून स्क्रू आवळून घ्यायला सांगावं. आणि हो, बोर्डावरचा ईएलसीबी पडला म्हणजे कटआउट उडाला असं नव्हे. ईएलसीबी गळणारी वीज ओळखतो, उष्णता नाही. तो पडत असेल तर संशय एलिमेंटवर घ्या, आणि तोवर गीझरला हात लावू नका.

नळातून वाफ फुसफुसली तर बाहेरचा मेन स्विच बंद करून टाकी आपोआप निवू द्या. लाल बटण त्यानंतर, वीज बंद असताना, जाणकाराच्या हातून. एकदा दाबून पुन्हा उडाला तर दुसऱ्यांदा दाबू नये, थर्मोस्टॅट बदलावा. आम्ही शेवटी दोन्ही भाग नवे घातले, गीझरच्या मॉडेलचा नंबर दुकानात दाखवून.

नाताळाला मुंबईहून येणाऱ्या आणि अकरा महिने बंद असलेल्या घरांसाठी वेगळं सांगायला हवं. येऊन पिशव्या टेकवल्या टेकवल्या गीझरचं बटण दाबू नका. आधी गरम पाण्याचा नळ उघडून अखंड धार येऊ द्या. टाकीत हवा असताना एलिमेंट तापला तर नशीब असेल तर कटआउट उडतो, नाही तर एलिमेंट जळतो. मग पहिल्यांदा तरी गीझर ६० च्या वर नेऊन दिवा विझेपर्यंत तापवा. साचलेल्या कोमट पाण्यात, २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून छातीत जातात. साठच्या वर ते मरतात. ते पहिलं पाणी, खिडकी उघडी ठेवून, सोडून द्या आणि दुसऱ्या खेपेच्या पाण्यानं आंघोळ करा.