क्राउन ग्रीन बोल्स: दोन्ही बाजूंचे वळण सारखे नसते

“बाऊलचा बायस ठरलेला असतो, म्हणून बायसची बाजू अंगठ्याकडे धरा किंवा करंगळीकडे, सरळ रेषेच्या बाजूला सोडायचे अंतर तेवढेच,” हा सल्ला बोल्स या खेळातल्या नवशिक्यांना वर्षानुवर्षे दिला जातो. (बाऊल म्हणजे या खेळात हिरवळीवरून घरंगळत टाकायचा चेंडू आणि बायस म्हणजे त्याचा एका बाजूला वळण्याचा कल.) सपाट हिरवळीवर तो बऱ्याच अंशी लागू पडतो, म्हणून पटतोही. परंतु इंग्लंडमधील लँकशर, चेशर, यॉर्कशर या भागांत रुजलेल्या क्राउन ग्रीनचे मैदान मधोमध उंच आणि कडांकडे उतरते असते. त्यामुळे उताराला आडव्या जाणाऱ्या बाऊलवर बायस आणि उतार अशा दोन ओढी काम करतात. बायस उताराकडे असेल तर त्या एकत्र येऊन वळण मोठे होते. चढाकडे असेल तर त्या एकमेकींना खोडतात आणि तोच बाऊल जवळजवळ सरळ जातो.

हे सरावात सहज पडताळता येते. जॅक (लक्ष्य म्हणून आधी टाकला जाणारा छोटा चेंडू) आणि पाय ठेवायची चकती जागेवरच ठेवून, तोच बाऊल दोन्ही प्रकारे जॅकपाशी थांबेल असा टाकावा, निम्म्या वाटेवर तो जिथून गेला तिथे खूण करावी आणि सरळ रेषेपासून दोन्ही अंतरे मोजावीत. सामन्यात तर याहून चांगली सोय आहे: या खेळात जॅकलाही बायस असतो, त्यामुळे त्याने घेतलेली वाट नीट पाहिली की त्याच बाजूने टाकणे हा बहुतेक वेळा सर्वांत भरवशाचा पर्याय ठरतो.