अल्ट्रावाइड मॉनिटरचे आभासी विभाजन

एकाच रुंद मॉनिटरची दोन किंवा अधिक स्वतंत्र स्क्रीनमध्ये केलेली वाटणी. नेहमीच्या मॉनिटरचे रुंदी-उंचीचे प्रमाण १६:९ असते, अल्ट्रावाइडचे २१:९ किंवा ३२:९. ५१२० × १४४० पिक्सेलच्या ४९ इंची मॉनिटरचे २५६० × १४४० चे दोन सरळ भाग पडतात. ३४४० × १४४० च्या ३४ इंची मॉनिटरला निम्मी वाटणी मानवत नाही. १७२० पिक्सेल रुंदीचे दोन अरुंद तुकडे हाती येतात. तिथे २५६० आणि ८८० अशी विषम वाटणी बरी.

विदर्भातल्या खेड्यात सेतू केंद्र चालवणाऱ्याला ही विषम वाटणी विशेष उपयोगी. मोठ्या भागात पीक विम्याचा किंवा अनुदानाचा अर्ज उघडायचा, अरुंद भागात उभ्या पानाचा सातबारा. गट नंबर, खातेदाराचे नाव, हेक्टर-आरमधले क्षेत्र पाहून टाइप करायचे असते. कापूस-सोयाबीनच्या हंगामात दारात रांग लागलेली असताना एका विंडोखाली दुसरी दडली, की आकडा चुकायला वेळ लागत नाही.

वाटणीचे प्रकार अनेक सांगितले जातात, पण खरा फरक एकच: मॉनिटर दोन आहेत हे कोणाला पटवले आहे? विंडोजवरच्या पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचातले फॅन्सीझोन्स कोणालाच काही पटवत नाही, फक्त विंडो ठरलेल्या चौकटीत बसवते. ते फुकट आहे आणि बहुतेकांचे काम त्यात भागते. उणीव कळते ती ऑनलाइन बैठकीत. पूर्ण स्क्रीन शेअर केली, की शेजारच्या चौकटीत उघडा राहिलेला कुणाचा तरी आधार क्रमांक सगळ्यांना दिसतो. शिवाय इतकी रुंद स्क्रीन समोरच्याच्या मोबाइलवर मुंगीएवढ्या अक्षरांत उमटते. फक्त एक विंडो शेअर करणे हा त्यावरचा साधा उपाय.

लिनक्समध्ये, एक्स११ ही स्क्रीनवर विंडो दाखवणारी जुनी व्यवस्था वापरात असेल तर, एक्सरँडर या आज्ञेच्या सेटमॉनिटर पर्यायाने खुद्द डेस्कटॉपलाच दोन मॉनिटर दाखवता येतात. ही सोय रँडआर या एक्स११च्या जोड-भागाच्या १.५ आवृत्तीपासूनची. प्रत्येक भागाची पिक्सेलमधली व मिलिमीटरमधली मापे आणि डावीकडून अंतर द्यायचे. एका भागाला खऱ्या जोडणीचे नाव, दुसऱ्यापुढे ‘नन’ (none), म्हणजे जोडणी नाही. मग मोठी केलेली विंडो आपल्या भागातच थांबते. ही वाटणी संगणक बंद होताच पुसली जाते. लाइन जाणे नित्याचे असलेल्या गावात ती आज्ञा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घालणे भागच आहे, नाहीतर दर वेळी नव्याने मांडामांड. एक्स११च्या जागी आलेल्या वेलँडवर ही युक्ती चालत नाही.

तिसरा मार्ग मॉनिटरच्याच मेन्यूतला, पिक्चर बाय पिक्चर, म्हणजे दोन केबलची चित्रे शेजारी-शेजारी. एकाच संगणकातून दोन केबल नेल्या, की त्याला खरेच दोन मॉनिटर दिसतात. कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही आणि बैठकीत अर्धीच स्क्रीन शेअर होते. एक केबल लॅपटॉपची, एक डेस्कटॉपची, असेही जमते. मात्र वाटणी बहुधा निम्मीच मिळते, आणि अनेक मॉनिटरांवर या अवस्थेत रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र दर सेकंदाला किती वेळा बदलते तो वेग, उतरतो. जुन्या डेस्कटॉपला पुष्कळदा एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए एवढेच पोर्ट असतात, नव्या अल्ट्रावाइडला व्हीजीए सहसा नसते. तेव्हा दुसऱ्या केबलसाठी कन्व्हर्टर किंवा वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते.